किंमत ठरते शेवटच्या कॅचरवर

२०२५च्या मोसमात सिएटल मरिनर्सच्या कॅल रॉलीने ६० होम रन मारले. कॅचरकडून एवढी अपेक्षा कोणी करत नाही. त्याआधी मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्याचा विक्रम होता ४८ होम रनचा, कॅन्सस सिटीच्या साल्वाडोर पेरेझने २०२१ मध्ये केलेला. त्याच्याही आधी जॉनी बेंचचा १९७० सालचा ४५चा आकडा पन्नास वर्षं टिकून होता. अशा मोसमानंतर फँटसी लीगचा ड्राफ्ट आला की वाद ठरलेला: रॉलीवर किती पैसे लावायचे?

या फँटसी खेळाचं मूळ न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटात आहे. डॅनिएल ओक्रेंट या संपादक-लेखकाने १९८० मध्ये मित्रमंडळींना घेऊन ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. नाव त्या रेस्टॉरंटवरूनच पडलं. प्रत्येक मालकाकडे २६० डॉलर आणि भरायला २३ जागा: १४ फलंदाज, ९ पिचर. खऱ्या खेळाडूंचा लिलाव करायचा आणि मोसमभर त्यांच्या खऱ्या आकड्यांवर आपल्या कागदी संघाला गुण मिळवून द्यायचे. आज फलंदाजांचे साधारण पाच आकडे मोजतात: होम रन, धावा, फटक्यावर घरी आणलेले गडी, चोरलेले बेस आणि सरासरी.

यात कॅचरचं कॅचिंग कुठेच नाही. कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक म्हणा, पण काम त्याहून कितीतरी जास्त. पिचरने कुठला चेंडू टाकायचा हे बहुतेक वेळा तो सुचवतो. स्ट्राइक झोनच्या सीमेवरचा चेंडू हातमोज्यात असा अलगद घेतो की पंचाला तो आतला वाटावा. ऑस्टिन हेजेस या कलेच्या जोरावर २०१५पासून मेजर लीगमध्ये टिकून आहे, आणि त्याची कारकिर्दीची सरासरी ०.२००च्याही खाली आहे. खऱ्या संघाला असा माणूस हवा असतो. फँटसीत त्याला फुकटही कोणी घेणार नाही.

म्हणून फँटसीसाठी कॅचरची क्रमवारी लावताना ‘उत्तम कॅचर कोण’ हा प्रश्नच बाजूला ठेवावा लागतो. प्रश्न असा असतो: हा माणूस मला मिळाला नाही, तर या जागेवर कोण उरेल? समजा बारा जणांची लीग आहे आणि प्रत्येकाला एकच कॅचर लागतो. समजावण्यापुरते आकडे घेऊ. पहिल्या कॅचरकडून ३२ होम रनची अपेक्षा आहे, बाराव्याकडून १६. म्हणजे पहिल्यासाठी जादा पैसे मोजून माझ्या पदरात पडले १६. उलट प्रत्येकी पाच आउटफिल्डर घ्यायचे तर साठ जण लागतात. त्यातला साठावा १८ मारणार असेल आणि माझा माणूस ३६, तर फायदा १८चा. कॅचर मागे पडला.

आता ओक्रेंटच्या मूळ पद्धतीप्रमाणे प्रत्येकी दोन कॅचर घ्या. लागले चोवीस, आणि मेजर लीगमध्ये संघ आहेत तीस. चोविसावा कॅचर निम्मे दिवस बाकावर बसणारा, फार तर ९ होम रनचा. तोच ३२वाला आता २३ने पुढे गेला. खेळाडू तोच, त्याच्या मनगटातली ताकद तीच, फक्त लीगचा नियम बदलला. म्हणून आपल्या लीगचे नियम न वाचता छापील यादी घेऊन ड्राफ्टला बसणाऱ्यांची मला खरोखर गंमत वाटते. ड्रीम इलेव्हनवर संघ लावलेल्यांना यष्टिरक्षकाचा रकाना भरण्याची सक्ती ठाऊक आहे, पण तिथे सगळं एका सामन्यात आटपतं. इथे मोसम १६२ सामन्यांचा.

आणि १६२ सामने कोणताच कॅचर फलंदाजाच्या मागे बसून काढत नाही. दर डावात उकिडवं बसायचं, उडालेले चेंडू अंगावर घ्यायचे. रात्री सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा असला की नेहमीच्या कॅचरला सहसा सुट्टी मिळते. तेव्हा यादी वाचताना मी होम रनच्या आधी एकच गोष्ट बघते: सुट्टीच्या दिवशी हा कुठे असतो? खुर्चीत, की फक्त फलंदाजीसाठी ठेवलेल्या ‘डेझिग्नेटेड हिटर’च्या जागी? ही जागा २०२२पासून मेजर लीगच्या दोन्ही भागांत कायमची झाली आणि चांगली बॅट चालवणाऱ्या कॅचरचे दिवस वाढले. रॉली ६०च्या वर्षात १५९ सामने खेळला, ते अशा दिवसांच्या आधारावरच.

तरी मागच्या वर्षाच्या आकड्यावर बोली लावू नये. पेरेझने ४८ मारले आणि पुढच्याच वर्षी अंगठ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचे ११४च सामने झाले, होम रन २३. मिनेसोटाचा जो मॉअर २००९ मध्ये ०.३६५ सरासरी आणि २८ होम रन घेऊन सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढल्या वर्षी संघ नव्या मैदानावर गेला आणि त्याचे होम रन झाले ९. सरासरी तेव्हाही ०.३२७ होती, म्हणजे माणूस काही खेळ विसरला नव्हता.

नियमांच्या फटीत मिळणारा माल मात्र मला आवडतो. डॉल्टन वार्शो २०२२ मध्ये ॲरिझोनाकडून बहुतेक वेळ आउटफिल्डमध्ये धावला, ३१ सामने मागे बसला. त्या थोड्या सामन्यांनी अनेक लीगमध्ये तो पुढच्या वर्षीही कॅचरच्या रकान्यात बसला. २०२३ मध्ये टोरोंटोसाठी त्याने एकही सामना मागे बसून काढला नाही. २० होम रन मारले आणि १६ बेस चोरले. सरासरी ०.२२० होती, पण कॅचरच्या जागेवर १६ बेस कोण देतं? जे. टी. रिअलमुटोसारखा एखादाच.

राहिला दुसऱ्या कॅचरचा प्रश्न. लिलावाच्या शेवटी खिशात एकच डॉलर असतो आणि यादीत उरलेले दोघे असतात: एक रोज खेळणारा, ४५० वेळा बॅट हातात घेऊन ०.२१५ काढणारा, दुसरा बदली, १५० वेळांत ०.२००. नवखा पहिल्याला उचलतो. पण संघाची सरासरी ०.२५० ठेवायची असेल, तर त्या हिशेबाने पहिला सुमारे १६ हिट कमी देतो, दुसरा साडेसात. पहिला पंधरा-वीस होम रन देणार असेल तर हा तोटा चालतो. तो सहाच देणार असेल, तर बदलीच घ्यावा.