एअर रायफलमध्ये जोर विकू नका, नेम विका



इंदुरीच्या एका बाजूला तळेगाव, दुसऱ्या बाजूला चाकण. या पट्ट्यात लेथवर हात बसलेली पोरं भरपूर आहेत. ०.०२ मिमीची फिटिंग त्यांना नवीन नाही. यातल्या एखाद्याने रात्री मोबाईलवर एअरसॉफ्ट रायफल उघडून दाखवणारे व्हिडिओ पाहिले, की डोक्यात धंदा शिरतोच. गिअरबॉक्स उघडायचा, स्प्रिंग बदलायची, पिस्टन, नोझल, आतली बॅरल नवीन टाकायची. "हे पार्ट तर मी पण बनवीन की!"

बनवशील, शंका नाही. पण मशीन चालू करण्याआधी कॅलिपर घे आणि एक माप बघ. एअरसॉफ्टची गोळी ६ मिमीची असते.

आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ मध्ये एअर वेपनसाठी दोन रेषा आखल्या आहेत. बोअर ४.५ मिमी आणि ऊर्जा २० जूल. यातली एक जरी ओलांडली, तरी परवान्याचा विषय सुरू होतो. जपानमध्ये एअरसॉफ्टची ऊर्जा १ जूलच्या आत ठेवावी लागते, म्हणजे जोर अगदी कमी. पण आपल्याकडे ६ मिमी बोअरमुळेच पहिली अडचण उभी राहते. आणि शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ फक्त बनवणं-विकणं एवढ्यावर थांबत नाही. परवान्याखाली येणाऱ्या शस्त्राची दुरुस्ती, त्यातला बदल, त्याची चाचणी, हेही त्यात येतं. म्हणजे "साहेब, मी फक्त रिपेअरिंग करतो" हे उत्तर चालत नाही. नकली बंदुकीचं खऱ्यात रूपांतर करण्यावर तर कलम ६ वेगळं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एअरसॉफ्टचा नाद सोडा आणि तेच कौशल्य ४.५ मिमीच्या साध्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलकडे वळवा. त्याआधी आपल्या भागातल्या पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज देऊन काय चालतं, काय नाही हे विचारा आणि पोच घेऊन फाईलला लावा.

मार्केट आहे का? पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला शूटिंग रेंज आहे. गगन नारंगची गन फॉर ग्लोरी अकॅडमी २०११ मध्ये पुण्यातच सुरू झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ब्राँझ आणलं. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा, पण नवशिक्याची सुरुवात सहसा १० मीटर एअर रायफलनेच होते. त्यांच्याकडच्या महागड्या परदेशी मॅच रायफलला मात्र हात लावायचा नाही. त्यात २०० बारचा हवेचा सिलिंडर असतो, ते कंपनीच्या सर्व्हिसचं काम. आपलं गिऱ्हाईक म्हणजे साधी स्प्रिंग रायफल वापरणारे क्लब, शाळा आणि हौशी माणसं.

आता आतलं काम. ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि बारीक भोकातून छर्‍याच्या मागे जाते. एवढंच यंत्र. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दादा, जरा कडक स्प्रिंग टाका." इथेच धंदा घसरतो. कडक स्प्रिंगने पिस्टन पुढे आदळतो, सील लवकर फाटतं, स्कोप ढिला होतो, रायफल कॉक करताना पोराचा हात थरथरतो आणि नेम बिघडतो. शिवाय हिशोब बघा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने गेला तर ऊर्जा १० जूल. २८० मीटरला १९.६. आणि २९० मीटरला २१! वेगाचा वर्ग होतो ना, म्हणून शेवटचे दहा मीटर तुम्हाला रेषेपलीकडे नेतात.

मग विकायचं काय? प्रत्येक छर्‍याचा वेग सारखा येणं.

समजा, दहा शॉटमध्ये वेग १७८ ते १९९ असा फिरतोय. हवेचा रोध सोडून दिला तरी १० मीटरवर वरच्या आणि खालच्या छर्‍यात साधारण ३ मिमीचा फरक पडतो. टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर असतं २.५ मिमी. म्हणजे पोराने काहीही चूक न करता एक रिंग गेली! तोच वेग १८६ ते १९१ मध्ये आणला, की फरक पाऊण मिमीच्या आत येतो. बॅरल तीच, जोरही साधारण तोच.

हे कसं आणायचं? आधी गळती शोधा. बॅरल जिथे मोडून बंद होते त्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवा आणि छर्रा घालून शॉट मारा. कागद फडफडला तर तिथलं सील गेलं. मग पिस्टनचं सील. जुन्या रायफलीत चामड्याचा वॉशर असतो, तो सुकून आक्रसतो. त्यावर तेल ओतू नका. जादा तेल दाबलेल्या हवेत पेट घेतं, धूर निघतो, मोठा आवाज येतो. गिऱ्हाईक खूश होतं आणि आत सील जळतं. स्प्रिंग काचेवर गडगडवून बघा, वाकली असेल तर लगेच कळतं. तिच्या आतला गाइड ढिला असेल तर शॉटनंतर तार छेडल्यासारखा आवाज येतो. इथे तुमचा लेथ कामाला येतो. डेलरिनचा गाइड असा टर्न करा की हाताच्या दाबाने स्प्रिंगमध्ये सरकेल, पण खडखडणार नाही. ट्यूबच्या खाचांची बर काढा, नाहीतर बसवतानाच नवीन सील कापलं जाईल. मॉली ग्रीसचा पातळ हात पुरे. ट्रिगरचा सिअर घासायचा नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

पहिलं टूल विकत घ्यायचं नाही, बनवायचं. स्प्रिंग कॉम्प्रेसर. रायफल कॉक केलेली नसतानाही आतली स्प्रिंग दाबलेलीच असते. पिन काढली की ती थेट तोंडावर येऊ शकते. दुसरं टूल क्रोनोग्राफ, ते मात्र विकतच घ्या. चाचणी बंद जागेत, छरे अडवणाऱ्या जाड पेटीवर आणि गॉगल लावून. नदीकाठी किंवा शेतात नाही.

पैशाचं सांगतो. समजा मटेरियल २५० रुपये, तुमचे अडीच तास आणि बिल १,२००. वाईट नाही, पण यावर घर चालणार नाही. चाकणचं जॉबवर्क चालू ठेवा आणि शनिवार याला द्या. सुट्या गिऱ्हाइकापेक्षा आठ-दहा रायफली असलेला एक क्लब परवडतो, कारण वर्षाचा करार करता येतो.

रजिस्टर पहिल्या दिवसापासून हवं. नाव, ओळखपत्राची प्रत, रायफलचा नंबर, कामाआधीचे दहा शॉट, नंतरचे दहा शॉट. जोर वाढवून मागणारा, सायलेन्सर विचारणारा, "मावळात पाखरं मारायला पाहिजे" म्हणणारा, अशांना चहा पाजा आणि परत पाठवा. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, आणि पाखरावर चाललेल्या रायफलमध्ये तुमचं काम सापडणं परवडणारं नाही.

क्लबच्या कोचकडे पहिल्यांदा जाताना ब्रोशर नेऊ नका. त्यांची सगळ्यात खराब रायफल मागा, त्यांच्यासमोर क्रोनोग्राफवर दहा शॉट घ्या आणि आकडे लिहिलेलं कार्ड त्यांच्याच टेबलावर ठेवून या. दुसरं कार्ड काम झाल्यावर, बिलासोबत.