आडनाव : पंतप्रतिनिधी

काशीच्या पंचगंगा घाटावर गेलात तर पायऱ्या चढून बिंदुमाधवाचं दर्शन नक्की घ्या. मूळ मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं. आजचं मंदिर बांधलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी. या घराण्याचं आडनाव आलंय एका पदावरून!

जिंजीत असताना, 1690 च्या सुमारास, छत्रपती राजाराम महाराजांनी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण केलं. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा, मानाने पेशव्यांच्याही वरचा अधिकारी. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आलं. ते मूळचे कुलकर्णी. पद वंशपरंपरेने चालत राहिलं, त्याला आदरार्थी ‘पंत’ जोडला गेला आणि कुलकर्णी मागे पडलं.

परशुरामपंतांच्या मुलांपासून दोन शाखा झाल्या : श्रीपतराव सातारच्या शाहू महाराजांकडे, तर कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीकडे. पहिली शाखा औंधची, दुसरी विशाळगडची.

सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे राजे बाळासाहेब याच घराण्यातले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब 1948 मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. जग त्यांना ‘अप्पा पंत’ म्हणूनच ओळखतं.

तुमचं आडनावही एखाद्या पदावरून आलंय का? चिटणीस, सबनीस, फडणीस, पोतनीस... कमेंटमध्ये जरूर लिहा!