बार्ट्रमची बाग

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात स्कूलकिल नदीच्या काठी एक जुनी बाग आहे. तेथे आज कोणालाही फुकट जाता येते. पण मूळची ती एका शेतकऱ्याची. जॉन बार्ट्रम (१६९९–१७७७) शाळेत फारसा शिकलेला नव्हता. वनस्पतिशास्त्र त्याने पुस्तके मिळवून, शेती करता करता, स्वतःच आत्मसात केले. १७२८ साली त्याने येथे जमीन घेतली व रानोमाळ हिंडून आणलेली झाडे लावली.

या खटाटोपाला पैसा कोठून आला? लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन याने बार्ट्रमच्या बियांना गिऱ्हाइके मिळवून दिली. एका पेटीची किंमत ५ गिनी. म्हणजे ही बाग शास्त्राची प्रयोगशाळा होती, तशीच कुटुंबाची भाकरीही होती. १७६५ साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला वर्षाला ५० पौंडांची नेमणूक करून दिली.

त्याच वर्षी जॉन व त्याचा मुलगा विल्यम यांना जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी एक अनोळखी झाड आढळले. पुढे विल्यमने त्याचे बी आणून बागेत रुजविले. बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरून ते ‘फ्रँकलिनिया’ झाले. १८०३ नंतर हे झाड रानात कोणाला दिसल्याची नोंद नाही. आज जगात असलेली फ्रँकलिनियाची झाडे बार्ट्रमांनी जोपासलेल्या झाडांचीच संतती मानली जातात. बाग मोडली असती तर?

तशी वेळ आलीही होती. १८५० साली पैशाच्या अडचणीमुळे वारसांना बाग विकावी लागली. आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या अँड्र्यू ईस्टविक याने ती घेतली आणि झाडे राखली, हे त्याचे मोठेपण. पण १८७९ साली तो वारला. आता पुढचा मालक कसा निघेल, याची हमी कोण देणार?

उत्तर शोधले ते ईस्टविकच्याच एका जुन्या माळ्याने. टॉमस मीहन इंग्लंडातून आलेला, याच बागेत राबलेला. पुढे तो नगरपालिकेवर निवडून गेला. त्याने चळवळ चालविली आणि १८९१ साली शहराने बाग ताब्यात घेतली. १८९३ साली बार्ट्रमच्या वंशजांनी संस्था स्थापून देखभालीला हातभार लावला.

यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच. मालकाची सद्बुद्धी त्याच्याबरोबर संपू शकते. सार्वजनिक ठराव मात्र दप्तरात राहतो, आणि त्यावर बोट ठेवून जाब विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असतो. बाग वाढविली अनेकांच्या हातांनी. ती टिकली मात्र त्यांतल्या एका हाताने नगरपालिकेत मत टाकले म्हणून.