शस्त्रावांचून साहस

चारपांच मंडळी टेबलाभोंवतीं बसून कल्पनेच्या राज्यांत संचार करतात, हा खेळ आतां जगभर परिचित आहे. एक जण सूत्रधार होतो, इतर आपापल्या पात्राचें सोंग घेतात, आणि बेत साधला कीं फसला याचा निर्णय बहुधा फासा करतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनीं रचलेला, १९७४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा आद्य खेळ. पटावरील युद्धखेळांतून तो जन्मला, म्हणून त्यांत तलवारींचा खणखणाट फार. तेव्हां युद्ध वगळलें तर उरलें काय, असें वाचक विचारतील. आमच्या मतें खरी गंमत तेथूनच सुरू होते. मात्र सूत्रधाराचें काम अधिक नाजूक होतें.

युद्धांत प्राण पणास लागतात, म्हणून फाशाकडे सर्वांचे डोळे लागून राहतात. त्याच्या जागीं नुसती थट्टा ठेवली, तर मंडळी लवकरच जांभया देऊं लागतात. कांहीं तरी प्रिय वस्तु पणास लागलीच पाहिजे. याच खेळासाठीं २०२१ सालीं निघालेलें ‘द वाइल्ड बियाँड द विचलाइट’ हें कथानक पाहा. दर आठ वर्षांनीं येणाऱ्या मायावी जत्रेंत लहानपणीं तिकिटावांचून शिरल्यामुळें पात्रांचें कांहीं ना कांहीं हरवलेलें असूं शकतें. कोणाचें हंसूं, कोणाचें दिशांचें भान. तें परत मिळवावयाचें, आणि तेंही शस्त्र न उगारतां साधेल अशी सारी मांडणी आहे. प्रसंग हलके खरे. पण हरवलेलें हंसूं ही काय लहान हानि?

दुसरें पथ्य अपयशाचें. समजा, राजकन्येच्या लग्नाचा केक ड्रॅगनच्या पिलानें फस्त केला आणि पाहुणे तर दारांत आले. नवा केक करतांना फासा वाईट पडला, तर ‘जमलें नाहीं’ म्हणून सूत्रधारानें हात झाडूं नयेत. केक तयार व्हावा. पण तो बोलूं लागावा, आणि वधूचें गुपित भर मांडवांत सांगूं लागावा! अपयशानें वाट बंद होऊं नये, तिला वळण मिळावें.

तिसरें पथ्य असें कीं, हंसावयाचें तें प्रसंगाला, खेळणाऱ्याला नव्हे. जपानांत २००६ सालीं ऱ्यो कामिया यांनीं रचलेल्या ‘गोल्डन स्काय स्टोरीज’ या खेळांत फासाच नाहीं. मनुष्यरूप घेऊं शकणारीं कोल्हा, मांजर, ससा अशीं पात्रें गांवकऱ्यांच्या लहानसहान अडचणी दूर करतात. आणि एखाद्याची कृति आवडली, तर सोबती त्याला ‘स्वप्न’ नांवाचें बक्षीस देतात.

ही शेवटली युक्ति आम्हांस फार मोलाची वाटते. भरल्या घरांत मोठ्यांचे आवाज मोठे असतात, आणि धाकट्यांचें म्हणणें पुष्कळदां मनांतच राहतें. अशा खेळांत आठ वर्षांच्या मुलाची युक्ति आजोबांच्या युक्तीइतकीच चालते, आणि तिला दाद देण्याचें काम आजोबांकडे येतें. सुटीच्या एखाद्या संध्याकाळीं इतकें साधलें, तर एकही राक्षस न मारतां मोठें साहस पार पडलें असें आम्हीं म्हणूं.