ओरिगामी : शेजारी बसून शिकण्याची कला

चौरस कागद न कापता, न चिकटविता केवळ घड्यांतून आकार साकारणारी कला म्हणजे ओरिगामी. या जपानी शब्दातील 'ओरी' म्हणजे घडी आणि 'कामी' म्हणजे कागद. घड्यांचा अभ्यास भारतालाही नवा नाही. टी. सुंदर राव यांचे, कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाले.

जपानचे अकिरा योशिझावा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घड्यांची चिन्हे रूढ केली. तुटक रेषा म्हणजे दरीसारखी आत जाणारी घडी. रेषेत टिंबे आली की डोंगरासारखी वर येणारी. त्यामुळे आकृती कोणत्याही भाषिकास वाचता येते. तथापि अनेक पदर एकाच वेळी मिटतात, तेथे चित्र अपुरे पडते. ती घडी शेजाऱ्याच्या हातांकडे पाहूनच उमगते.

याच गरजेतून छंदप्रेमींचे मेळावे भरतात. महाराष्ट्रात 'ओरिगामी मित्र' हे मंडळ या कामासाठी परिचित आहे. अशा मेळाव्यांत शिकविणारा मोठा कागद घेऊन एकेक पायरी दाखवितो. सर्वांत मागे राहिलेल्याची घडी पूर्ण झाल्यावरच पुढची पायरी घेणे हिताचे, कारण सुरुवातीची तिरकी घडी शेवटी आकार बिघडविते.

बंगळूरमधील चामराजपेट ही १८९२ मध्ये वसविलेली जुनी वसाहत. कन्नड, मराठी, तमिळ, उर्दू अशा अनेक भाषा बोलणाऱ्या या शहरात असा मेळावा भरविण्यास दुभाष्या लागत नाही. एक टेबल, काही चौरस कागद आणि थांबण्याची तयारी एवढे भांडवल पुरते.