चक्रीवादळात घर सोडायचे कधी?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, रायगडच्या किनाऱ्यावर, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकले आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. उडालेले पत्रे आणि फुटलेली कौले सर्वांच्या लक्षात राहिली. तथापि किनाऱ्यावर माणसे दगावतात ती पुष्कळदा वाऱ्यापेक्षा पाण्यामुळे, ही गोष्ट कोकणात अजून पुरेशी रुजलेली नाही.

वादळाचे वारे समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटतात आणि केंद्रातील हवेचा दाब कमी असल्याने तेथील पाणी थोडे वर उचललेही जाते. अशा रीतीने भरतीच्या नेहमीच्या पातळीवर चढणाऱ्या या फुगवट्याला ‘वादळी लाट’ म्हणतात. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर वादळ जेथे जमिनीवर येते त्याच्या दक्षिणेकडे वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो आणि पाणी तेथेच चढते. त्यातच भरतीची वेळ साधली गेली, तर खाडीच्या तोंडाशी आलेले पाणी आत दूरवर शिरते. म्हणून किनाऱ्यालगतच्या किंवा खाडीकाठच्या सखल घरात, मग ते पक्के असले तरी, थांबणे धोक्याचेच होय.

उंचावरील घराचा निर्णय मात्र छपरावर अवलंबून असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर खेचतो. हुक सैल असलेला कडेचा एक पत्रा सुटला की वारा आत शिरतो आणि उरलेले छप्पर आतून उचलू लागतो. वारा खेळता राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवण्याचा सल्ला याच कारणाने घातक आहे. छपराची खात्री नसेल, तर शाळेच्या किंवा निवारा केंद्राच्या स्लॅबच्या इमारतीत वारा सुटण्यापूर्वीच, दिवसाउजेडी पोहोचले पाहिजे.

सर्वांत फसवी असते ती मधली शांतता. वादळाचा ‘डोळा’, म्हणजे केंद्रातील शांत भाग, गावावरून जाताना वारा एकाएकी पडतो, प्रसंगी आकाशही उघडते, आणि लोक पडझड पाहण्यासाठी अंगणात येतात. परंतु थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने उठतो आणि आधीच खिळखिळी झालेली झाडे व भिंती कोसळवतो. वादळ संपल्याचे प्रशासनाने सांगेपर्यंत बाहेर पडू नये. पडल्यावरही जमिनीवर लोंबणारी प्रत्येक तार जिवंत आहे असेच समजावे.

वेळेवर हलण्याने काय साधते, हे ओडिशाने दाखवून दिले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवण्यात आले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. हवामान खात्याचा वादळाचा इशारा किनाऱ्याला साधारणतः ४८ तास आधी मिळतो. तेवढ्या अवधीत होड्या वर ओढून बांधता येतात, कागदपत्रे, औषधे व पिण्याचे पाणी बरोबर घेता येते आणि म्हाताऱ्या माणसांना सुरक्षित जागी नेता येते. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ असून तो आजच घरातील प्रत्येकाने लिहून ठेवावा.