नशेतला होकार

या पानावर एरवी गव्हावरचा तांबेरा, जनावरांची लाळ-खुरकत, पावसाळ्यातला हिवताप असे विषय येतात. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही आरोग्याचाच आहे. शिवाय मोहरी-गहू घरात आल्यावर हाती पैसा खेळतो, लग्नसराई सुरू होते आणि मांडवामागे बाटल्या उघडतात, त्या दिवसांशी त्याचा जवळचा संबंध आहे. प्रश्न दोनच आहेत. दारूच्या अमलाखाली असलेल्या स्त्रीने दिलेला होकार हा होकार मानावा काय? आणि दारू प्यालेल्या पुरुषाने अत्याचार केला तर त्याचा दोष हलका होतो काय?

गावच्या बैठकीत या प्रश्नांची उत्तरे बहुधा उलटी मिळतात. तिच्याविषयी म्हणतात, "तीही प्यालीच होती ना!" त्याच्याविषयी म्हणतात, "बिचारा शुद्धीत नव्हता." एकाच बाटलीने तिचा दोष वाढतो आणि त्याचा कमी होतो, हा कुठला हिशोब?

शेतकऱ्याला पटेल असा दाखला जमिनीचा आहे. धाकट्या भावाला पाजून, तो झिंगलेला असताना, दोन बिघ्यांच्या विक्रीच्या कागदावर त्याचा अंगठा घेतला, तर तो व्यवहार आपण खरा मानू काय? मुळीच नाही. कायदाही मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२व्या कलमात तर उदाहरणच दिले आहे की, ज्याला कराराच्या अटी समजत नाहीत इतका प्यालेला माणूस नशा असेतोवर करार करू शकत नाही. बांधावरच्या मातीला जो न्याय आपण सहज लावतो, तो माणसाच्या देहाला लावताना मात्र आपली जीभ अडखळते.

देहाच्या बाबतीतही कायदा तेच सांगतो आणि फार पूर्वीपासून सांगतो. १८६० च्या दंडसंहितेच्या ९०व्या कलमात लिहिले होते की, नशेमुळे ज्याला आपण कशास मान्यता देतो आहोत हे कळत नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे. बलात्काराच्या ३७५व्या कलमात मात्र हे शब्द १९८३ साली आले, आणि ते कसे आले हे मराठी माणसाने विसरू नये.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिचे नाव पुढे देशभर झाले. ते येथे लिहिण्याची गरज नाही. दोघांपैकी एक फार प्यालेला होता, असे आरोपातच म्हटले होते. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नव्हते. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या दिल्ली-पुण्याच्या चार कायदे-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. १९८० साली शहरोशहरी स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि त्यातून १९८३ ची दुरुस्ती झाली. २०१३ साली आणखी एक दुरुस्ती होऊन संमती म्हणजे स्पष्ट, स्वेच्छेने दिलेला होकार, नुसता प्रतिकार न करणे म्हणजे होकार नव्हे, असे कायद्यानेच सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमात हे सारे कायम आहे. नशा त्याने स्वतः पाजली असो, दुसऱ्याकरवी पाजली असो, की ती आपणहून प्याली असो, तिला कळण्याची शक्ती उरली नसेल तर होकार शून्य.

त्याच्या बाजूने काय? ज्याला नकळत किंवा बळजबरीने पाजले गेले, त्यालाच कायदा नशेची सबब मांडू देतो. स्वखुशीने प्यालेल्याला ती सबब नाही. कायद्याच्या लेखी तो शुद्धीत होता असेच धरले जाते.

आता थोडे शरीराविषयी. दारू पोटातून व लहान आतड्यातून रक्तात उतरते आणि मागचापुढचा विचार करणारा मेंदूचा भाग लवकर ढिला पाडते. पाय लटपटण्याच्या आधीच माणसाचा विवेक मंदावलेला असतो. विलायती दारूच्या १८० मिलिलिटरच्या पव्व्यावर ४२.८ टक्के असे छापलेले असते, म्हणजे त्यात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळते. एका पव्व्याचा निचरा व्हायला सहा ते साडेआठ तास लागतात. लिंबूपाणी, कडक कॉफी वा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो लवकर होत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने तिच्या रक्तात नशा अधिक चढते. आणखी एक गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक असते. भरभर व जास्त प्यालेला माणूस चालतो, बोलतो, हसतोसुद्धा, पण मेंदूतील आठवण साठवणारे काम बंद पडलेले असते. दुसऱ्या दिवशी त्याला त्या वेळेचे काही आठवत नाही. म्हणून "ती तर चांगली हसत होती, आता आठवत नाही म्हणते" या बोलण्यावरून तिला खोटे ठरवू नये.

एक घोट घेतला की होकार रद्द, असे मात्र कायदा म्हणत नाही. समज उरली आहे की नाही, हा प्रश्न आहे. ज्याला त्याची शंका येते, त्याने थांबावे. शंका आली की विळा थांबवावा, हे कापणी करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

जनजागृतीच्या मोहिमा याविषयी काय सांगतात? जुलै २०२५ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांनी 'नशे से दूरी है जरूरी' ही मोहीम चालवली. स्त्रियांच्या सुरक्षेचे फलकही लागतात. दोन्ही गोष्टी जोडणारा फलक ग्वाल्हेरात माझ्या तरी पाहण्यात नाही. (राज्याच्या आबकारी आयुक्तांचे कार्यालय आपल्याच शहरात आहे. एका हाताने ठेके आणि दुसऱ्या हाताने फलक, असे सरकारचे चालते.) परदेशात दोन्ही जोडण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यात एक मोठी चूकही झाली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मद्य मंडळाने २०११ साली न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या स्त्रीचे पाय दाखवणारी जाहिरात काढली. दारू प्यायल्याने तिला नाही म्हणता आले नाही, असा तिचा सूर होता. दोष तिच्यावरच ढकलला म्हणून ओरड झाली आणि जाहिरात मागे घ्यावी लागली. कॅनडातील एडमंटनने २०१० साली उलटे केले. तेथे फलक पुरुषांना उद्देशून होते आणि दारूच्या गुत्त्यांतील पुरुषांच्या शौचालयांतही लावले गेले. 'तसला माणूस तू होऊ नकोस' असा त्यांचा आशय होता. इंग्लंडमधील टेम्स व्हॅली पोलिसांनी २०१५ साली चहाचा दाखला देणारी छोटी फिल्म दाखवली. पाहुण्याला चहा नको असेल तर पाजू नये. आधी हो म्हणून मग तो झोपी गेला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात चहा ओतू नये. हा दाखला हजिऱ्याच्या टपरीवरही समजेल.

आपल्या मुलींना आपण भरपूर सांगतो. मुलांना कोण सांगते? लग्नघरी पंक्ती वाढायला दहा माणसे नेमतो, तशी दोन न पिणारी माणसे रात्री जागी ठेवावीत, आणि झिंगलेल्या मुलीला बाई सोबत दिल्याशिवाय कोणाही पुरुषाच्या मोटारसायकलवर बसवू नये. कापणीच्या मजुरांना शेवटच्या दिवशी पव्वा देण्याची चाल ज्यांच्या शेतावर असेल, त्यांनी ती बंद करून तेवढे पैसे रोख द्यावेत. बाईला पाजणारा मालक पुढच्या प्रकारात नुसता साक्षीदार राहत नाही.

नवऱ्याविषयीही बोलले पाहिजे. वेदीसमोर वर झिंगून उभा राहिला तर धर्मगुरू विवाह लावत नाही, कारण विवाह संमतीने होतो आणि ती दुसरा कोणी देऊ शकत नाही. मग त्याच घरात रात्री पिऊन आलेल्याने बायकोची संमती गृहीत का धरावी? पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या परिपत्रकात लिहिले आहे की, जोडीदाराची स्थिती व रास्त इच्छा न पाहता लादलेला संबंध ही प्रेमाची कृती नव्हे. फौजदारी कायद्याने अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला दिलेली सूट अजून आहे. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती लैंगिक छळाची तक्रार करू शकते. अठराखालील मुलामुलींच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच येत नाही.

असे काही घडलेच, तर बैठक बोलावू नये, इस्पितळ गाठावे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक इस्पितळाने विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून आधी लेकीची लाज, मग पाहुण्यांचे मत, असे दिवस घालवू नयेत. शक्य तर आंघोळ करू नये, आणि अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकमध्ये नको. आंघोळ झाली असली तरीही जावे. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावेत.